आठ दशांश सेकंदाची शिक्षा

जानेवारी २००८. सिडनीच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना चालू होता. अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना ईशांत शर्माचा एक चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षक धोनीच्या हातात गेला. जोरदार अपील झाले, पण पंच स्टीव्ह बकनर यांचे बोट काही वर गेले नाही. सायमंड्स १६२ धावा काढून नाबाद राहिला आणि चेंडू आपल्या बॅटला लागला होता हे नंतर त्याने स्वतःच सांगून टाकले. शेवटच्या दिवशी याच्या उलट घडले. राहुल द्रविडला बकनर यांनी झेलबाद ठरवले, आणि चित्रफितीत पाहावे तर त्याची बॅट पॅडच्या मागे! भारत १२२ धावांनी हरला. भारतीय क्रिकेट मंडळाने तक्रार केली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पर्थच्या पुढच्या कसोटीसाठी बकनर यांच्या जागी बिली बोडेन यांना उभे केले.

आपल्यापैकी बहुतेकांना तेव्हा हे योग्यच वाटले होते. आम्हालाही वाटले होते. सिडनीचा सामना हा बकनर यांचा एकशे विसावा कसोटी सामना होता. १९९२ ते २००७ या काळातल्या विश्वचषकाच्या पाचही अंतिम सामन्यांत ते पंच होते. पण हे आठवण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. पंच म्हणून नाव होण्यापूर्वी बकनर जमैकामध्ये शाळेत गणित शिकवत असत.

'पाचामुखी परमेश्वर' ही आपली म्हण. पंच हा शब्दही पाच या आकड्यातून आला. पाच शहाण्यांनी बसून, दोन्ही बाजू ऐकून, प्रसंगी रात्र जागवून निवाडा द्यायचा, अशी त्यामागची कल्पना. मैदानावरचा पंच मात्र एकटा असतो आणि त्याला वेळ मिळतो तो सेकंदाच्या काही अंशांचा. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे ठाऊक आहे. चढाई करणाऱ्याचा हात मध्यरेषेला आधी लागला की त्याचा दम आधी सुटला, हे डोळ्याने आणि कानाने एकाच वेळी ठरवायचे असते. चुकले, तर दोन वर्ग आठवडाभर त्या शिक्षकाशी बोलत नाहीत.

पंचाच्या चुकीबद्दल किती शिक्षा करावी यावर वाद पुष्कळ झाले आहेत. ती चूक मुळात कशी होते, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला जातो. गंमत अशी की विज्ञानाच्या इतिहासात हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी अगदी याच स्वरूपात उभा राहिला होता. तिथे मैदान नव्हते, वेधशाळा होती. आणि चेंडूऐवजी तारे होते.

लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे १७६५ पासून राजज्योतिषी होते. १७९४ मध्ये डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण त्यांचा साहाय्यक झाला. त्याचे मुख्य काम दुर्बिणीतून ताऱ्यांच्या याम्योत्तर संक्रमणाची वेळ नोंदवणे हे होते. तारा उत्तर-दक्षिण रेषा नेमका केव्हा ओलांडतो हे कळले की वेधशाळेचे घड्याळ तपासता येते, आणि पंचांगांची व नकाशांची गणिते त्या घड्याळावर उभी राहतात. समुद्रावरच्या जहाजांना आपले रेखांश काढण्यासाठी लागणारे 'नॉटिकल अल्मनॅक' मॅस्केलिन यांनीच सुरू केले होते. त्यामुळे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अचूक नोंदी ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती.

वेळ कशी घ्यायची? दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभ्या तारा ताणलेल्या असत. निरीक्षक आधी घड्याळाकडे पाहून सेकंद लक्षात ठेवी, मग डोळा दुर्बिणीला लावी आणि लंबकाच्या टिकटिकीबरोबर मनातल्या मनात सेकंद मोजत राही. तारा तारेजवळ सरकत येई. एका ठोक्याला तो तारेच्या अलीकडे किती होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेला, ही दोन्ही अंतरे डोळ्यांसमोर धरून त्यांच्या प्रमाणावरून सेकंदाचे दशांश काढायचे. हिला 'डोळा आणि कान' पद्धत म्हणत. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळावर, आणि दोघांचा मेळ डोक्यात. ही पद्धत नीट लक्षात ठेवावी, कारण ती पुढे आपल्याला क्रिकेटच्या खेळपट्टीवर पुन्हा भेटणार आहे.

वर्षभर किनेब्रुकच्या आणि मॅस्केलिन यांच्या नोंदी जुळत होत्या. ऑगस्ट १७९५ पासून किनेब्रुकची वेळ अर्ध्या सेकंदाने उशिरा पडू लागली. मॅस्केलिन यांनी त्याला हे दाखवून दिले. त्याने मनापासून प्रयत्न केला असणार; पण झाले उलटेच. जानेवारी १७९६ पर्यंत फरक आठ दशांश सेकंदावर गेला. त्याने स्वतःची काहीतरी गोंधळाची पद्धत अंगी लावून घेतली आहे आणि आता ती सुटणार नाही, असे मॅस्केलिन यांचे मत झाले. नाइलाजाने का होईना, त्यांनी त्याला कामावरून काढले. १८०२ मध्ये किनेब्रुक वारला. आपली चूक ही चूक नव्हतीच, तर एक शोध होता, हे त्याला कधीच कळले नाही.

आठ दशांश सेकंद म्हणजे क्षुल्लक चूक का? इथे घाई करू नये. पृथ्वी आपल्याभोवती फिरताना विषुववृत्तावरचा बिंदू सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकतो. म्हणजे वेळेत ०.८ सेकंदाची चूक झाली की विषुववृत्तावर जागा सुमारे ३७० मीटरने चुकते. खवळलेल्या समुद्रात खडक शोधणाऱ्या नाविकाला हे अंतर लहान वाटणार नाही. तेव्हा मॅस्केलिन उगाच चिडले, असे म्हणता येत नाही. त्यांचे चुकले ते निराळ्याच ठिकाणी. दोघांच्या नोंदींत फरक आहे, एवढेच त्यांना दिसत होते. त्यावरून किनेब्रुक उशीर करतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. मॅस्केलिन स्वतःच लवकर नोंद करीत असतील, ही शक्यता त्यांनी धरलीच नाही. साहेब आणि साहाय्यक यांच्या घड्याळात फरक पडला की कोणाचे घड्याळ चुकीचे मानले जाते, हे कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

मात्र मॅस्केलिन यांचे एक मोठे ऋण मानले पाहिजे. ही सगळी हकिगत त्यांनी आकड्यांसह वेधशाळेच्या छापील निरीक्षणांत दिली. ती झाकून ठेवली असती, तर पुढचा इतिहास घडला नसता.

वीस वर्षांनी, १८१६ मध्ये, ग्रिनिच वेधशाळेचा इतिहास सांगणारा एक लेख एका जर्मन खगोलपत्रिकेत आला आणि तो कोनिग्सबर्गच्या (आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडच्या) फ्रीडरिख बेसेल यांच्या वाचनात आला. बेसेल तरुणपणी ब्रेमेनमधल्या एका व्यापारी पेढीत उमेदवारी करीत होते. आकड्यांकडे पाहण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी. त्यांच्या मनात एक साधी शंका आली. आपली चूक दाखवून दिल्यावर, सुधारायची इच्छा असताना, कोणी इतकी मोठी चूक रोज रोज, एकाच दिशेने का करील? निष्काळजीपणाची चूक कधी पुढे, कधी मागे पडते. ही तर नेहमी उशिराच पडत होती.

बेसेल यांनी मग स्वतःला तपासायला सुरुवात केली. १८२० च्या हिवाळ्यात त्यांनी आणि वालबेक या खगोलज्ञांनी आळीपाळीने त्याच ताऱ्यांचे वेध घेतले. दोघांच्या नोंदींत १.०४१ सेकंदाचा फरक निघाला. बेसेल नेहमी आधी, वालबेक नेहमी नंतर. १८२३ मध्ये आर्गेलांडर यांच्याशी तुलना केली, तेव्हा फरक १.२२३ सेकंद आला. किनेब्रुकला ज्यासाठी घरी पाठवले त्याहून हे फरक मोठे होते, आणि हे तिघेही त्या काळातले नाणावलेले निरीक्षक होते! यांतल्या कोणाला काढून टाकायचे?

कोणालाच नाही, हे बेसेल यांचे उत्तर. प्रत्येक निरीक्षकाचा फरक मोजायचा आणि तेवढी दुरुस्ती त्याच्या नोंदीत करायची. याला 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले. (जुन्या खगोलगणितात समीकरण म्हणजे मिळवायची किंवा वजा करायची दुरुस्ती; आपल्या बीजगणितातले समीकरण नव्हे.) हा फरक त्याच माणसातही वर्षागणिक बदलतो, हेही पुढे दिसून आले. तेव्हा एकदा मोजून चालत नव्हते, अधूनमधून पुन्हा मोजावे लागे.

हा अनुभव वर्गात देता येतो. टेबलावर खडूने एक रेघ आखावी, उतारावरून एक गोटी सोडावी, आणि शिक्षकाने लंबकाच्या किंवा टाळ्यांच्या संथ ठेक्यावर मोठ्याने आकडे मोजावेत. गोटीने रेघ ओलांडली तेव्हा ठेका कितव्या आकड्यावर आणि दोन आकड्यांच्या मध्ये किती दशांशावर होता, हे प्रत्येकाने न बोलता वहीत लिहावे. गोटी एकच, रेघ एकच, ठेका एकच. वह्या उघडल्या की वर्गातले किनेब्रुक आणि मॅस्केलिन दिसू लागतात. तोच प्रयोग पाचसहा वेळा केला, तर 'नेहमी लवकर' आणि 'नेहमी उशिरा' लिहिणारे विद्यार्थी वेगळे काढता येतात. मुलांना यात भांडायला फार आवडते आणि भांडू द्यावे.

खगोलज्ञांनी उघडलेल्या या दारातून शरीरशास्त्रज्ञ आत आले. बेसेल यांच्याच कोनिग्सबर्ग शहरात १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जायला किती वेळ लागतो हे मोजले. वेग सेकंदाला तीसएक मीटर निघाला, म्हणजे आगगाडीच्या पंक्तीतला. मनाचा वेग विजेसारखा, ही समजूत तिथेच संपली. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये अडोल्फ हिर्श यांनी माणसाचा प्रतिक्रियाकाल मोजला. आवाज ऐकून बटन दाबायला सुमारे दीड दशांश सेकंद लागतो आणि प्रकाश पाहून दाबायला सुमारे दोन दशांश, असे आढळले. म्हणजे एकाच माणसाचे कान आणि डोळेही एका घड्याळावर चालत नाहीत.

१८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणाऱ्या विल्हेल्म वुंट यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. काटा फिरत असताना घंटा वाजवायची आणि घंटेच्या क्षणी काटा कुठे होता हे विचारायचे. उत्तरे चुकत, पण ती कशी चुकत? ज्या गोष्टीकडे लक्ष आधीपासून लागलेले असे, ती आधी घडल्यासारखी वाटे. लक्ष घंटेकडे असेल तर घंटा आधी, काट्याकडे असेल तर काटा आधी. दोन घटना जवळजवळ एकाच क्षणी घडल्या, तर त्यांचा क्रम आपण पाहतो तेवढाच आपण ठरवतोही, आणि ठरवताना आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

आता पंचाकडे येऊ.

गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला पंच फलंदाजापासून साधारण २० मीटर दूर असतो. बॅटची कड लागल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने येतो. २० भागिले ३४५, म्हणजे जवळजवळ ०.०६ सेकंद. प्रकाशाला मात्र काहीच वेळ लागत नाही म्हटले तरी चालेल. टप्पा पडून मंदावलेला चेंडू या वेळात सेकंदाला ३२ मीटरच्या हिशेबाने सुमारे दोन मीटर पुढे गेलेला असतो! पंचाला 'टक्' ऐकू येते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोरचा चेंडू बॅट सोडून बराच मागे पोचला आहे. तो आवाज बॅटचा, पॅडचा, की बॅट जमिनीवर आपटल्याचा, हे त्याने डोळा आणि कान यांचा मेळ घालून ठरवायचे. यष्टीपाशी बसवलेल्या ध्वनिग्राहकाला हाच आवाज काही सहस्रांश सेकंदांत मिळतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला दूरचित्रवाणीवर ऐकू येते ते हे. म्हणजे ज्या आवाजाच्या जोरावर आपण पंचाला बहिरा ठरवतो, तो आवाज त्याच्या कानावर त्या रूपात आलेलाच नसतो.

शिवाय पंचाचे लक्ष सुरुवातीपासून फलंदाजाकडे नसे. गोलंदाजाचा पाय रेषेच्या पुढे पडला का, हे आधी खाली पाहायचे आणि मग नजर वर उचलायची. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. नजर एका जागेवरून उचलून दुसरीकडे स्थिर व्हायलाच यातला दोन दशांश सेकंद किंवा थोडा जास्त जातो. हे ओझे कमी करायला हवे, हे क्रिकेटला उशिरा सुचले. २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत पायाचा नो-बॉल बघण्याचे काम हळूहळू तिसऱ्या पंचाकडे जाऊ लागले.

धावबादचा निर्णय तर उघडउघड ग्रिनिचचा. डोळा रेषेवर, बॅट आत आली का ते पाहायला. आणि यष्ट्या मोडल्या कधी, हे डोळ्याच्या कडेने किंवा कानाने टिपायचे. वुंट यांचा काटा आणि घंटाच!

इथे यंत्र प्रथम मदतीला आले, आणि त्या प्रसंगी आपला मुंबईचा सचिन तेंडुलकर हजर होता. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दर्बानच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर तो धावबाद असल्याचे अपील झाले. पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निर्णय न देता पडद्यासमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे तो सोपवला. अशा तऱ्हेने तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला सचिन हा पहिला फलंदाज. त्या सामन्यात मैदानावरचे दुसरे पंच होते स्टीव्ह बकनर. पुढच्याच, जोहान्सबर्गच्या कसोटीत ऱ्होड्सविरुद्ध धावबादचे अपील झाले, तेव्हा बकनर यांनी पडद्याची मदत घेतली नाही. आपल्याला दिसले ते पुरेसे आहे, असे त्यांना वाटले. चित्रफितीत तो बाद असल्याचे दिसले. मॅस्केलिन यांच्यात आणि बकनर यांच्यात इथे विलक्षण साम्य आहे: स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावी असे दोघांनाही वाटले नाही.

यंत्रालाही अंगची मर्यादा होतीच. त्या काळच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असत. सेकंदाला सात मीटर धावणारा फलंदाज एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत २८ सेंटीमीटर सरकलेला असतो. बॅट रेषेबाहेर असलेले एक चित्र आणि आत असलेले पुढचे, यांच्या मध्ये बेल्स केव्हा उडाल्या, हे पडद्यावर कितीही वेळा पाहिले तरी कळत नाही.

फुटबॉलमध्ये अशीच कथा ऑफसाइडची. पास दिला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू बचावफळीतल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा गोलरेषेच्या जवळ असता कामा नये. कडेच्या रेषेवरचा साहाय्यक पंच बचावफळीच्या बरोबर समोर उभा असेल तर ठीक. तो एखादा मीटर गोलाकडे सरकलेला असेल, तर त्याची नजर तिरकी होते. मोजपट्टीवरचे वाचन बाजूने घेतले की चुकते, हे आपण सहावीतच शिकवतो. या तिरक्या नजरेला मैदानाच्या पलीकडच्या बाजूचा, प्रत्यक्षात समरेषेत असलेला आक्रमक पुढे गेलेला दिसतो आणि झेंडा उगाच वर जातो. अलीकडच्या बाजूचा थोडा पुढे गेलेला आक्रमक मात्र मागेच भासतो. २००० मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवले की साहाय्यक पंचांच्या कितीतरी चुका या भूमितीतून येतात. तोवर ऑफसाइडच्या चुकांना पक्षपात, भीती, डुलकी अशी नावे पडत आली होती.

भूमिती सांभाळली तरी मेंदू उरतोच. रोमी निझावन यांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्येच एक साधा प्रयोग मांडला. फिरती पट्टी आणि क्षणभर चमकणारा दिवा एका रेषेत असले, तरी पाहणाऱ्याला पट्टी दिव्याच्या पुढे गेलेली दिसते. पास हा चमकणारा क्षण आणि धावणारा खेळाडू ही सरकती पट्टी, असे मानले तर ऑफसाइडचा काही गोंधळ उलगडतो, असे ब्राझिलच्या संशोधकांनी २००२ मध्ये सुचवले. सगळ्या चुका यातून येतात असे नाही. पण डोळे ताणून पाहिल्याने जाणारी ही चूक नव्हे, एवढे नक्की.

मग पंचांना शिक्षाच करू नये का? असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीत रॉबर्ट होयझर या पंचाने पैसे घेऊन सामन्यांचे निकाल फिरवले. २००५ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि ती योग्यच होती. तो गुन्हा होता. हलगर्जीपणाचीही दखल घ्यावी. २००६ च्या विश्वचषकात क्रोएशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सामन्यात इंग्लंडचे ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला दुसरे पिवळे कार्ड दाखवले, पण मैदानाबाहेर काढलेच नाही. तिसरे दाखवले तेव्हा काढले. दुसऱ्या कार्डाची नोंद त्यांच्या वहीत ऑस्ट्रेलियाच्या क्रमांक ३ च्या खेळाडूपुढे झाली होती, आणि शिमुनिचचाही क्रमांक ३ च होता. रात्री जागून गुणपत्रके भरणाऱ्या कोणाही शिक्षकाला ही चूक कळेल. पोल यांना त्या स्पर्धेत पुढचा सामना मिळाला नाही आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी सोडल्या. नोंदीची चूक टाळता येण्यासारखी होती, म्हणून एका स्पर्धेतून वगळणे आम्हाला जाचक वाटत नाही. पण साहाय्यक सोबत असताना एकाच्याही लक्षात हे आले नाही, याची जबाबदारी एकट्या माणसाच्या नावावर का पडली, हे विचारावेसे वाटते.

टाळता न येणाऱ्या चुकीची शिक्षा मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती शिक्षा नेहमी संस्थाच देतात असेही नाही. २००५ मध्ये स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क यांनी बार्सिलोना आणि चेल्सी यांच्या सामन्यानंतर आलेल्या धमक्यांमुळे शिट्टी कायमची ठेवून दिली. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या आल्मेरे इथे मुलांच्या सामन्यात हौसेने लाइनमन म्हणून उभ्या राहिलेल्या एका पालकाला किशोरवयीन खेळाडूंनी मारहाण केली आणि त्यात तो मरण पावला. विश्वचषकातला पंच निदान कडेकोट बंदोबस्तात असतो. शाळेच्या, गावाच्या मैदानावरच्या पंचाशी कसे वागायचे, हे मुले मोठ्यांना दूरचित्रवाणीसमोर ओरडताना पाहूनच शिकतात.

यंत्र आले की हे थांबेल, अशी आशा होती. जुलै २००८ मध्ये, म्हणजे सिडनीनंतर सहा महिन्यांनी, भारताच्या श्रीलंका दौऱ्यात पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी करण्याची पद्धत प्रथम आजमावण्यात आली. ज्या मंडळाने बकनर यांच्याविरुद्ध तक्रार केली, त्याच मंडळाने पुढे कित्येक वर्षे या पद्धतीला विरोध केला. इंग्लंडविरुद्धच्या २०१६ च्या मालिकेत भारताने ती स्वीकारली. यंत्राचे अंदाज पुरेसे अचूक नाहीत, हा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होते. चेंडू यष्ट्यांना जेमतेम घासून जाईल असे यंत्र दाखवते, तेव्हा मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो. यंत्राच्या अनिश्चिततेसाठी अशी खास तरतूद नियमात केली गेली. माणसाच्या अनिश्चिततेसाठी कोणी केली नव्हती.

२०२५ मध्ये विम्बल्डनने रेषेवरचे सगळे पंच हटवून यंत्रे बसवली. त्याच स्पर्धेत एका सामन्यात कोर्टच्या एका भागावरची यंत्रणा चुकून बंद केली गेली आणि बाहेर पडलेला चेंडू कोणीच पकडला नाही. बटन दाबणारा माणूसच होता.

बकनर २००९ मध्ये १२८ कसोटींनंतर निवृत्त झाले. २०२० मध्ये मुलाखतींमध्ये त्यांनी सिडनीच्या दोन्ही चुका कबूल केल्या; तेंडुलकरला दोनदा चुकीचे बाद दिल्याचेही सांगितले.

अशी कबुली लगेच दिली तर काय होते, हे त्याआधी अमेरिकेत दिसले होते. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटला आर्मांडो गॅलारागा या बेसबॉलच्या गोलंदाजाने लागोपाठ २६ जणांना बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता, तर तो 'परफेक्ट गेम' ठरला असता. शंभराहून अधिक वर्षांत तोवर असे अवघे २० सामने झाले होते. शेवटचा खेळाडू पहिल्या तळाकडे धावला. अशा वेळी पंचांना शिकवण असते ती ओळखीची आहे: डोळे तळावर पडणाऱ्या पायावर ठेवा आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज ऐका. पंच जिम जॉइस यांनी खेळाडू नाबाद ठरवला. तो स्पष्ट बाद होता. सामना संपल्यावर चित्रफीत पाहून जॉइस यांनी सरळ सांगितले की मी त्या मुलाचा परफेक्ट गेम घालवला. गॅलारागाला भेटून रडत माफी मागितली. गॅलारागाने त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच दोन संघांचा पुन्हा सामना होता. जॉइस यांना त्या दिवशी न उतरण्याची मुभा दिली होती, ते उतरले. सामन्याआधी संघाची यादी पंचाकडे द्यायची असते. डेट्रॉइटच्या संघाने ती द्यायला गॅलारागाला पाठवले. जॉइस यांनी यादी घेतली, डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर थोपटले. ते २०१६ च्या हंगामापर्यंत पंच राहिले. चित्रफीत पाहून असे निर्णय बदलण्याचा नियम २०१४ मध्ये आला. गॅलारागाच्या त्या सामन्याची नोंद मात्र बदलली गेली नाही.